न दिसणारा जोड

माझी मुलगी मोटरसायकलवर झोपायची, तिथून हे सगळं सुरू झालं.

तिला आम्ही गुंडी म्हणतो. जन्मली तेव्हा मूठभर होती, गोलमटोल, आणि मी दिवसभर दोऱ्या-गुंड्यांत, म्हणून गुंडी. तिला ऐकू फार कमी येतं. दोन्ही कानांमागे मशीन आहे. बोलायला शिकवणारा वर्ग मिळाला तो ती तीन वर्षांची झाल्यावर, तोही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. वर्गात आठच मुलं घेतात. तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की पाच वर्षांच्या आत जेवढं कानात जाईल तेवढंच पुढे तोंडात येईल, तेव्हा खाडे नकोत. ते वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोकत आले.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याचं ऑफिस त्याच बाजूला, त्यामुळे सकाळी नऊला तो तिला वर्गात सोडायचा आणि बाराला तिला घेऊन जेवायला घरी यायचा. बसने जायचं तर मध्ये उतरून दुसरी पकडावी लागते, दीड तास मोडतो. मोटरसायकलने पस्तीस मिनिटं. वर्ग म्हणजे मोटरसायकल, असंच आमच्या डोक्यात बसलं होतं. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

तिला हेल्मेट आणलं होतं. पण ते डोक्यात बसवलं की आतली गादी कानावर दाबायची आणि मशीन शिट्टी मारायला लागायचं. बारीक, चिरत जाणारी शिट्टी. गुंडी दोन्ही हातांनी हेल्मेट उपटून काढायची. मग आम्ही शहाणपणा केला. गाडीवर बसायच्या आधी मशीन काढून डबीत, डबी तिच्या बाबाच्या खिशात. मशीन निघालं की गुंडीचं जग बंद. हॉर्न नाही, ट्रक नाही, नुसती गाडीची थरथर अंगातून चढणारी. पाळण्यात घातल्यासारखी ती तिसऱ्या चौकाच्या आत झोपायची.

एक दिवस नवरा एका हाताने गाडी चालवत घरी आला. दुसरा हात पाठीमागे वळवून त्याने तिला धरलं होतं. पाठीवर शर्ट तिच्या लाळेने भिजलेला. "तुझी गुंडी आज तुटून पडणार होती," तो हसत म्हणाला. ट्रकांच्या रस्त्याने तो सगळा वेळ एका हाताने आला होता, हे त्याने जेवताना सांगितलं, तेही भाजी छान झालीय म्हणताम्हणता.

त्याच दुपारी मी तिला बांधायचा पट्टा शिवायला शिलाई मशीनवर बसले.

आमचं सीट कव्हर शिवायचं दुकान आहे. सासऱ्यांचं. पुढे दुकान, मागे घर. गल्ली त्यांना मास्तर म्हणते, मी बाबा म्हणते. मी लग्न होऊन आले तेव्हा मला कपडे शिवता येत होते, रेक्झीनला सुई कशी घालायची ते त्यांनी शिकवलं. त्यांचा एकच कायदा: जोड दिसता कामा नये. हुक खाली, बकल खाली, शिवण आतून. "बसणाऱ्याला जोड दिसला, की तो सीटवर बसत नाही, जोडावर बसतो," असं ते म्हणायचे. एखादं कव्हर आवडलं नाही तर बोलायचे नाहीत, नुसतं जोडावर बोट ठेवायचे आणि चहा प्यायला निघून जायचे. सहा वर्षांत तो कायदा माझ्या डोक्यात राहिला नाही, बोटांत उतरला.

पट्टा असा केला. गुंडीला बिनबाह्यांचं जाकीट, त्याला दोन रुंद पट्ट्या, त्या नवऱ्याच्या कमरेभोवती फिरून परत जाकिटाला येणार. बकल कुठे घ्यायचं हा प्रश्न होता. पुढे पोटावर घेतलं तर त्याची टाकीवरची हत्यारांची पिशवी घासणार. तिच्या पाठीवर घेतलं तर रस्त्यावरचा कुणीही टवाळ उघडणार. म्हणून मी ते दोघांच्या मध्ये घेतलं, त्याची पाठ आणि तिची छाती यांच्यामध्ये. खाली फोमची गादी, वर रेक्झीनची झडप. बाहेरून बघाल तर एकसलग पट्टा, कुठे सुरुवात नाही, कुठे शेवट नाही. मी सकाळी खालून हात सरकवायची आणि आत 'टक' असं वाजायचं. उतरताना नवरा अंगठा मागे नेऊन बरोबर दाबायचा. सवय झाली होती. वर्गातली मदतनीस म्हणायची, "गुंडीची आई मंत्र म्हणून बांधते वाटतं, आम्हाला तर गाठच सापडत नाही."

बाबांनी पट्टा हातात घेतला, उलटापालटा केला, चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ नेला. जोड शोधत होते. सापडला नाही. मग त्यांनी तो दिवसभर दुकानाच्या दर्शनी खिळ्याला टांगून ठेवला. "सूनबाई, हात बसला," एवढंच म्हणाले. सहा वर्षांत पहिल्यांदा. मी आठवडाभर जमिनीवर नव्हते.

मग लोक विचारायला लागले. सिग्नलला कुणी नवऱ्याला विचारायचं, शाळेच्या दारात कुणी. वर्षभरात तीसेक पट्टे शिवले असतील. उरलेल्या रेक्झीनमधून शिवायची, त्यामुळे प्रत्येक पट्टा मला रंगाने आठवतो. तपकिरी, टायरवाल्याच्या मधल्या मुलाचा. निळा, जुळ्यांपैकी एकीचा. करडा, त्याला पिवळी किनार, तो ड्रॉइंगच्या सरांच्या मुलाचा. पिवळी किनार त्या मुलाने स्वतः मागून घेतली होती. चार वर्षांचा होता. काउंटरवर हनुवटी टेकवून म्हणाला होता, "मला पिवळा रस्ता पाहिजे." मी दोन ओळी जास्तीच्या मारल्या.

सर गाडीवरून पडले, हे आम्हाला कळलं होतं. सरांचा पाय मोडला, मुलाला भाजलंय, इतकंच. मोटरसायकलवरून पडून भाजतं कसं, हे मी विचारलं नाही. भेटून येऊ म्हणता म्हणता पंधरा दिवस गेले.

त्या दिवशी साडेअकराला सरांची बायको दुकानात आली. पलीकडच्या गल्लीत चष्म्याच्या दुकानात काम करते, सगळे तिला ताई म्हणतात. माणसाच्या नाकावर फ्रेम ठेवून दोन बोटांनी ती सरळ करते ना, तसे तिचे हात, शांत आणि नेटके. तिने पिशवीतून करडा पट्टा काढून काउंटरवर ठेवला. मधोमध कापलेला होता. दवाखान्यात कात्रीने कापला म्हणाली.

बाबा जवळ आले. त्यांनी पट्टा उचलला, सवयीने शिवणीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "उसवला का कुठे?"

"नाही मास्तर," ताई म्हणाली. "तेवढं झालं असतं तर बरं झालं असतं."

मग ती स्टुलावर बसली आणि सांगायला लागली. आवाज चढवला नाही, रडली नाही. गोदामाच्या वळणावर वाळू सांडली होती. गाडी घसरली आणि रस्त्याकडेच्या कोरड्या नाल्यात, भिंतीला घासत अडकली. सरांचा पाय गाडीखाली, मुलगा त्यांच्या पाठीला बांधलेला, आणि त्याची पोटरी सायलेन्सरवर. आधी दोनच माणसं धावत आली. गाडी त्यांना हलेना. सरांना ओढलं की सर ओरडायचे, मग शुद्धच गेली. म्हणून पोराला तरी काढू म्हणून ओढलं, तर पोरगं सरांसकट येत होतं. त्यांनी पट्टा सगळीकडून चाचपला. सुरी नव्हती, ब्लेड नव्हतं. मग एकाने सरांच्या खिशातला फोन काढून शेवटचा नंबर लावला.

ताई तेव्हा एका आजोबांच्या डोळ्यांना चष्मा लावून बघत होती. फोनवरचा माणूस म्हणाला, ताई, हा पट्टा काढायचा कसा?

"मी सांगितलं," ताई म्हणाली. "खालून हात घाला, दोघांच्या मधे, अंगठ्याने दाबा. तीनदा सांगितलं. मला मागून आमच्या पोराचा आवाज येत होता. चौथ्यांदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, अहो ताई, इथे काहीच नाही, सपाट आहे."

दुकानात पंखा फिरत होता. मी कापलेल्या टोकाकडे बघत होते. आत फोमचा पांढरा थर दिसत होता, मी तो किती जाडीचा घेतला होता तेही मला आठवत होतं.

शेवटी पाच-सहा जण जमले आणि त्यांनी गाडीच उचलली. मांडीची कातडी काढून पोटरीला लावली आहे. चालेल म्हणतात, पण वाढत्या वयात तो व्रण ओढला जाईल, तेव्हा पुन्हा कापावं लागेल, बहुतेक एकदाच नाही.

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. चुकलं माझं, असं काहीतरी. ताईने हात वर करून थांबवलं.

"भांडायला नाही आले मी. रोज मीच बांधत होते ना. उघडायचं कसं ते मला येत होतं. म्हणजे घरात दोघांना येत होतं. एक बेशुद्ध पडला होता आणि दुसरी काउंटरच्या मागे." मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "तुझी आता निघाली असेल ना वर्गातून?"

बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

नवऱ्याला फोन करावा असं वाटलं, पण गाडी चालवताना फोन वाजला तर तो एका हाताने काढून बघतो, हे मला माहीत होतं. फोन हातात धरून बसले. बाबा कात्री घेऊन काहीतरी कापायला लागले, मग कात्री खाली ठेवली. ताई उठली नाही. आपल्या दुकानात तिला एकपर्यंत जायचं असणार, पण ती माझ्याबरोबर बसून राहिली. आम्ही तिघं रस्त्याकडे बघत होतो. साडेबारा झाले. बाराच्या वर बत्तीस, पस्तीस. गल्लीत प्रत्येक गाडीचा आवाज मी कानाने पारखून घेत होते, ही नाही, ही नाही.

बारा चाळीसला तो आला. गुंडी पाठीला गाल लावून झोपलेली, हेल्मेट तिरकं. ताई दारापर्यंत गेली, तिने गुंडीकडे बघितलं, पट्ट्याकडे बघितलं आणि आपल्या वाटेने गेली. नवरा म्हणाला, "काय गं, सगळे असे रांगेत का उभे?"

मी खालून हात घातला. बकल दाबायला मला तीन सेकंद लागले. तीनच. हेच तर झालं होतं. ज्यांना येतं त्यांना इतकं सोपं होतं.

संध्याकाळपर्यंत मी नवा पट्टा शिवला. लाल बकल, पुढे, नवऱ्याच्या पोटावर, आंधळ्यालाही सापडेल असं. शिवताना बोटं आपोआप आत वळत होती, मी ती बाहेर ओढत होते. नवरा म्हणाला की झालं ना, एवढं मनाला लावून घेऊ नकोस, चूक होती ती सुधारली. आणि एक लक्षात घे, पट्टा नसता तर आपली गुंडी केव्हाच रस्त्यावर पडली असती. ते पोरगंही पडलं असतं एखाद्या दिवशी. ते खरंच होतं. मी त्याला "आडवा हो," म्हटलं.

"काय?"

"फरशीवर. मला बघायचंय."

गुंडीच्या जागी मी फोमची वळकटी जाकिटात घातली, तिच्या उंचीची. ती त्याच्या पाठीला बांधली. बाबांना सांगितलं, तुम्ही रस्त्यावरचे लोक, उघडा. नवरा डाव्या कुशीवर पडला आणि म्हणाला, "मी बेशुद्ध आहे, कुणी गुदगुल्या करू नका." गुंडीला वाटलं खेळ सुरू झाला. ती त्याच्या पायांवर जाऊन आडवी झाली, डोळे घट्ट मिटून, एक डोळा मधूनमधून उघडत. बाबांनी लाल बकल लगेच उघडलं. मग मी त्याला पालथं पडायला सांगितलं. बकल पोटाखाली गेलं. बाबांनी हात घालायचा प्रयत्न केला, त्याला कलंडवायचा प्रयत्न केला. अंग सैल सोडलेला माणूस किती जड होतो हे तेव्हा कळलं. बाबा धापा टाकायला लागले.

"आता उताणा हो," मी म्हणाले.

तो उताणा झाला. मी मोजायला सुरुवात केली होती, पण आकडे विसरले. वळकटी त्याच्या पाठीखाली होती. मी वाकून बघितलं. एवढी वीतभर जाड वळकटी चार बोटांची झाली होती.

बकल कुठे आहे, हा प्रश्नच नव्हता. बांधलं तर ती त्याच्याबरोबर पडणार, त्याच्याखाली पडणार. नाही बांधलं तर झोपेत एकटी पडणार. मी दोन्हींच्या मधली जागा शोधत होते, आणि दोन चाकांवर ती जागा नव्हती.

"ती उद्यापासून गाडीवर जाणार नाही," मी म्हणाले.

नवरा उठून बसला. त्याच्या पाठीला ती चेपलेली वळकटी तशीच लटकत होती. "मग वर्गात कशी जाणार?"

"बसने. मी नेईन."

"आणि दुकान?"

"दुकान मी बघतो," बाबा म्हणाले. ते खरं नव्हतं. त्यांच्या उजव्या अंगठ्यात आता जोर नाही आणि जाड रेक्झीनची कामं वर्षभर मीच करत होते. पण ते म्हणाले, आणि नवऱ्याने पाठीवरची वळकटी सोडायला घेतली.

राहिले ते पट्टे. मी एकेक रंग आठवून घरं गाठली. काहींनी लगेच आणून दिले. निळ्या पट्ट्याच्या आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली की आमच्याकडे दुसरा उपाय नाही गं. टायरवाल्याने मला दारातच उभं केलं. "वहिनी, तीन पोरं, एक गाडी. पट्टा तुम्ही नेलात तर मधल्याला धरू कशाने, दातांनी? तुम्हाला बस परवडते, वेळ परवडतो. मला शिकवू नका." त्याचा राग माझ्यावर नव्हता, पण समोर मीच होते. मी म्हटलं, निदान उघडायचं कुठे ते बाहेरून दिसेल असं करून देते. त्याने पट्टा माझ्या हातात कोंबला आणि "उद्या सकाळी पाहिजे" म्हणाला.

दुकानात येऊन मी तो पट्टा काउंटरवर ठेवला. जे गाडी सोडू शकत नव्हते त्यांचे असे अकरा जमले होते. झडप कापायची, बकल पुढे घ्यायचं, त्यावर लाल तुकडा लावायचा आणि तुकड्यावर पांढऱ्या दोऱ्याने 'इथे दाबा' असं शिवायचं. मी बससाठी सकाळी साडेसातला निघायची ते दुपारी दोनला परतायची. एका दिवशी परतले तर बाबांनी चार पट्टे संपवले होते. टाके वाकडेतिकडे, अक्षरं लहान-मोठी, लाल तुकडा लांबून डोळ्यांत खुपणारा. ज्या माणसाने चाळीस वर्षं जोड लपवला तो माणूस चष्मा कपाळावर घेऊन 'दाबा'चा काना शिवत होता. मी त्यांना सांगितलं नाही, की पालथ्या माणसाखाली हाही सापडणार नाही. ते त्यांनीही बघितलं होतं.

बसचं असं झालं. पहिली बस मिळाली तर दुसरी निघून गेलेली असायची. दुसरी मिळाली तर उभं राहायला जागा नसायची. गुंडीच्या कानात मशीन असायचं, आणि बसमधला तो सगळा कल्लोळ तिच्या डोक्यात एकदम शिरायचा. ती कान माझ्या पोटात खुपसायची. कंडक्टर म्हणायचा, "पोरीला कशाला रडवत नेता रोज, आजोळी ठेवा की." वर्गात पोचेपर्यंत पावणेदहा व्हायचे, कधी दहा. बाई पहिल्या अर्ध्या तासात एकेका मुलाला मांडीवर घेऊन ऐकायला शिकवतात. गुंडी पोचायची तेव्हा तिची पाळी होऊन गेलेली असायची, आणि ती इतकी दमलेली असायची की चटईवर जाऊन बसायची आणि तोंड उघडायचीच नाही.

दुकानातली कामं अडायला लागली. एका गाडीवाल्याने कव्हर परत आणून टाकलं, बाबांच्या हातचं होतं. बाबांनी जोडावर स्वतःच बोट ठेवलं आणि आत निघून गेले. नवऱ्याने मला एकदाही टोमणा मारला नाही. मारला असता तर मी भांडले तरी असते. तो रोज सकाळी आमच्या आधी निघायचा आणि मागच्या रिकाम्या सीटवर हत्यारांची पिशवी बांधायचा.

पाचव्या आठवड्यात बाईंनी मला थांबवून घेतलं. त्या चांगल्या आहेत. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाल्या, "तुमच्या मागे सतरा मुलं थांबली आहेत. रोजचा पहिला अर्धा तास जर जातोच आहे, तर मी त्यांच्या आईवडलांना काय सांगू?"

मी त्यांना पट्ट्याचं सांगितलं. सगळं सांगितलं, ताईच्या फोनसकट. त्या म्हणाल्या की वर्गातली बाकीची सातही मुलं मोटरसायकलनेच येतात. मग म्हणाल्या की या महिनाअखेरीपर्यंत वेळेवर आणता आलं तर बघा.

त्या संध्याकाळी नवरा आणि मी स्वयंपाकघरात उभे होतो. गुंडी पलीकडे बाबांच्या मांडीवर होती. नवरा म्हणाला की मी हळू चालवीन, ट्रकांचा रस्ता टाळीन, वाटेत दोनदा थांबून तिला जागी करीन. त्याने हे सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं, रस्त्यांची नावंसुद्धा पाठ केली होती. मला तो फार आवडला त्या क्षणी. मी त्याला विचारलं, "सर जोरात चालवत होते का?" त्याने नाही म्हणून मान हलवली.

"पण ती बोलली नाही तर?" त्याने विचारलं. "जन्मभर?"

तो मला दुष्ट म्हणाला असता तरी चाललं असतं. मी एवढंच म्हटलं, की न बोलणारी मुलगी मला सांभाळता येईल. त्यावर तो बाहेर गेला आणि गुंडीला बाबांच्या मांडीवरून उचलून तिला घेऊन गल्लीत फिरत राहिला, पायी.

महिनाअखेर गुंडीचा वर्ग सुटला. शेवटच्या दिवशी बाईंनी घरी करायच्या धड्यांची एक वही दिली आणि स्वतः लिहून दिलेल्या चार ओळी. त्या जागेवर दुसऱ्याच दिवशी एक मुलगा आला, असं मदतनीस म्हणाली.

आता दुकान उघडायच्या आधीचा अर्धा तास आमचा. मी आरसा भिंतीला टेकवते, गुंडीला मांडीवर घेते आणि वही उघडून ठेवते. आमचा सध्या 'प' चालू आहे. कागदाची एक बारीक पट्टी ओठांसमोर धरायची आणि 'प' म्हणायचं, म्हणजे पट्टी थरथरते. मुलाला ते दिसतं, आणि दिसतं तसं ते करून बघतं. बाईंच्या वर्गात तिला एकदा 'पा' आला होता, असं वहीत तारखेसह लिहिलंय. मी ऐकलेला नाही.

मी 'प' म्हणते, माझी पट्टी हलते. गुंडी आरशात माझे ओठ बघते, मग पट्टीकडे बघते. मग स्वतःची पट्टी तोंडासमोर धरते, गाल फुगवते आणि जोरात फुंकर मारते. पट्टी तिच्या हातातून उडून जाते. ती फुंकर आहे, 'प' नाही, आणि दोन्हींमधला फरक कसा दाखवायचा हे वहीत लिहिलेलं नाही, ते बाईंच्या हातांत होतं. गुंडी पट्टी उचलून आणते, पुन्हा माझ्या मांडीवर बसते आणि मान वर करून माझ्या तोंडाकडे बघत थांबते. नवऱ्याने बाहेर गाडी सुरू केलेली असते. मी पुन्हा 'प' म्हणते.